खटला सुटला, नोंद सुटली का?

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला आणि आमच्या कित्येक बांधवांना जन्मानेच पोलिसांच्या वहीत डांबले. १९५२ साली कायदा गेला, वही गेली नाही. केवळ अनुसूचित जाती-जमातीचा वा मागास समाजाचा म्हणून निरपराधाचे नाव हिस्ट्रीशीटमध्ये चढवू नका, हे मे २०२४ मध्येही सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले!

आता वहीच्या जागी संगणक आला आहे. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने बोटांचे ठसे, बुबुळांच्या नोंदी ७५ वर्षे जपल्या जाणार. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला, तर सर्व कायदेशीर मार्ग संपल्यावर त्या नष्ट कराव्यात, असे हाच कायदा म्हणतो. पण त्यासाठी अर्ज कोणी करायचा? मोर्च्यातून उचललेल्या आमच्या पोराला हे सांगणार कोण?

गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच ठरवले. म्हणून आमची मागणी साधी आहे: निर्दोष सुटलेल्याची नोंद शासनाने स्वतःहून पुसावी आणि तसा लेखी दाखला द्यावा. तोवर कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत असे अर्ज भरून द्यावेत. सुटकेचा निकाल पेटीत ठेवून भागणार नाही.