सोन्याचा कस आणि सम्यक आजीविका

पाली वाङ्मयात सेरिवाणिज जातक नावाची एक कथा आहे. किरकोळ वस्तू विकणारे दोन फेरीवाले एका नगरात आले. तेथे मोलमजुरी करून जगणारी एक आजी व तिची नात राहत होती. नातीने दागिन्यासाठी हट्ट धरला. घरात पैसा नव्हता, म्हणून आजीने अडगळीतले एक काळवंडलेले जुने भांडे पहिल्या फेरीवाल्यापुढे ठेवले. त्याने मागच्या बाजूवर सुईने रेघ ओढून पाहिली. भांडे सोन्याचे होते. तरीही ते कवडीमोलाचे आहे असे सांगून त्याने ते जमिनीवर टाकले व तो निघून गेला. पुढे फुकटात पदरात पाडून घ्यावे हा त्याचा बेत. थोड्या वेळाने दुसरा फेरीवाला आला. त्याने भांडे पाहिले आणि सांगितले की हे लाख मोलाचे आहे, एवढे धन माझ्याजवळ नाही. स्वतःजवळचे पाचशे कार्षापण व तेवढ्याच किमतीचा माल त्याने आजीला दिला. केवळ आठ कार्षापण, तराजू व पिशवी स्वतःकडे ठेवली. हा दुसरा फेरीवाला म्हणजे बोधिसत्त्व.

पहिल्याने चोरी केली नाही, तराजूही वाकवला नाही. त्याला जे कळले ते त्याने आजीला कळू दिले नाही, एवढेच. दागिन्यांच्या व्यापारातील सगळी अनीती या एका गोष्टीत सामावलेली आहे, असे आम्हांस वाटते. वस्तू एकाची असते आणि ज्ञान दुसऱ्याजवळ असते.

आम्ही बँकेत कारकून आहोत. सोनेतारण कर्जाच्या टेबलावर बसलेल्या माणसाला ही आजी वारंवार भेटते. एकदा धुणीभांडी करणारी एक भगिनी मुलीच्या नर्सिंग कॉलेजची फी भरण्यासाठी गंठण घेऊन आली. कित्येक वर्षे भिशी लावून तिने ते केले होते. मूल्यांकन करणाऱ्या सराफाने कसोटीच्या दगडावर कस लावला, तेजाबाचा थेंब टाकला आणि सांगितले की हे बावीस कॅरेट नाही, फार तर अठरा आहे. पक्के बिल नव्हते. दुकानदाराने दिलेली एक चिठ्ठी तेवढी होती. कर्ज अपेक्षेपेक्षा बरेच कमी बसले. ती एवढेच म्हणाली, “साहेब, मग बाकीचं सोनं गेलं कुठं?”

हिशेब साधा आहे. चोवीस भागांपैकी बावीस भाग शुद्ध सोने म्हणजे २२ कॅरेट, अर्थात हजारात ९१६. दहा ग्रॅमच्या अशा दागिन्यात ९.१६ ग्रॅम शुद्ध सोने असते. अठरा कॅरेटच्या तेवढ्याच दागिन्यात ते ७.५ ग्रॅम भरते. म्हणजे दर दहा ग्रॅममागे १.६६ ग्रॅम सोने तिने विकत घेतले, पण तिच्या घरी ते कधी आलेच नाही.

दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात खोट्या वजनाबरोबर व खोट्या मापाबरोबर ‘कंसकूट’ म्हणजे खोट्या धातूची फसवणूकही निषिद्ध मानली आहे. अट्ठकथेत तिचा अर्थ दिला आहे : एक भांडे खऱ्या सोन्याचे करायचे, बाकीच्या तांब्यापितळेच्या भांड्यांना सोन्याचा रंग द्यायचा, गिऱ्हाइकापुढे खरे भांडे दगडावर घासून दाखवायचे आणि सगळीच्या सगळी त्याच्या गळ्यात मारायची. दीड हजार वर्षांपूर्वीच्या या वर्णनात आजही फारसा बदल करावा लागत नाही.

कंसकूटावरचा आजचा उपाय म्हणजे हॉलमार्क. भारतीय मानक ब्युरोने सोन्याच्या दागिन्यांसाठी तो २००० साली ऐच्छिक स्वरूपात सुरू केला. जून २०२१ पासून देशातील २५६ जिल्ह्यांत तो सक्तीचा झाला. त्यांत पुणे जिल्हा होता. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांक आवश्यक झाला. दागिन्यावर तीन खुणा असतात : ब्युरोचे त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा (उदा. २२के९१६) आणि हा क्रमांक. मोबाईलवरील ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये क्रमांक टाकला की त्या दागिन्याची माहिती दिसते. हॉलमार्क असूनही शुद्धता कमी भरली, तर २०१८ च्या नियमांनुसार फरकाच्या दुप्पट भरपाई व तपासणीचा खर्च ग्राहकास मिळण्याची तरतूद आहे. चांदीच्या दागिन्यांसाठीही सप्टेंबर २०२५ पासून एचयूआयडीची ऐच्छिक व्यवस्था सुरू झाली.

येथे एक गोष्ट समाजबांधवांनी ध्यानात ठेवावी. सक्ती आली तेव्हा दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे दागिने तिच्यातून वगळण्यात आले. नाकातील चमकी, बाळाच्या कानातील बाळी, लहान फुले असे जिन्नस बहुधा याच वजनाचे असतात आणि येरवड्याच्या वस्त्यांत सोने येते ते बहुतेक अशाच रूपाने. ज्याची खरेदी सर्वांत लहान, त्यालाच पक्क्या बिलाची गरज सर्वांत मोठी.

मात्र हॉलमार्क सांगतो ते धातूबद्दल. तो दागिना कोणत्या मार्गाने आला, हे तो सांगत नाही. तथागतांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले आहेत : शस्त्रांचा, जीवांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. जीवांच्या व्यापारात माणसांची खरेदी-विक्रीही येते. दागिन्यांचा व्यापार या यादीत नाही. परंतु दुकानातून मागे मागे चालत गेले, तर यातील तिघांची गाठ वाटेत पडते.

पहिले विष. ‘केडीएम’ सोने हा शब्द एके काळी अभिमानाने उच्चारला जाई. दागिन्याचे सांधे जोडताना जो डाख देतात त्यात कॅडमियम मिसळले की तो सहज वितळतो आणि सोन्याची शुद्धताही फारशी घटत नाही, कारण तापवताना बरेच कॅडमियम धूर होऊन उडून जाते. हा धूर जातो फुंकणीवर वाकलेल्या कारागिराच्या छातीत. त्याने फुप्फुसे व मूत्रपिंडे निकामी होतात, कर्करोगही होतो. म्हणूनच हॉलमार्कच्या मानकात कॅडमियमला मज्जाव आहे. गिऱ्हाइकाला शुद्ध सोने मिळत होते, पण त्याची किंमत दुसराच कोणी श्वासाने मोजत होता.

दुसरे माणूस. पुण्याच्या रविवार पेठेत आणि मुंबईच्या झवेरी बाजाराभोवती बंगालमधून आलेले असंख्य कारागीर लहान खोल्यांत काम करतात. पुष्कळांचे जेवणखाण आणि झोपणेही तेथेच. २०२० च्या टाळेबंदीत हातचे काम गेल्यावर ते मोठ्या संख्येने गावी परतले, तेव्हा कोठे आपल्या शहरात एवढे लोक होते हे अनेकांना उमगले. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी गावात चांदीचे पैंजण घराघरांत घडतात, कड्या जोडण्याचे काम बाया-बापड्या नगावर करतात. बिलावर ‘घडणावळ’ म्हणून जी रक्कम लिहिलेली असते, तिच्यातील किती या हातांपर्यंत पोहोचते, हे बिल सांगत नाही. चौदा वर्षांखालील मुलाला कामास लावणे तर २०१६ च्या दुरुस्तीनंतर, काही अपवाद वगळता, गुन्हाच आहे.

आणखी मागे गेलो की खाण लागते. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणी १८८० च्या सुमारास ब्रिटिश कंपनीने सुरू केल्या व २००१ साली त्या बंद पडल्या. तीन किलोमीटरपर्यंत खोल उतरून दगड फोडणाऱ्यांत तमिळ अस्पृश्य मजूर मोठ्या संख्येने होते. दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस हा छातीचा रोग तेथे १९४० च्या दशकात मोठ्या प्रमाणावर आढळला. याच मजुरांनी पंडित अयोत्ती दास यांनी १८९८ मध्ये मद्रासला स्थापिलेल्या शाक्य बौद्ध संघाच्या शाखा मारिकुप्पम व चँपियन रीफ येथे उभारल्या. नागपूरच्या १९५६ च्या धम्मदीक्षेच्या कितीतरी आधी, सोने काढणारे हात बुद्धाला वंदन करीत होते. म्हणून खाणकामगाराचा प्रश्न हा आपल्याला परका नाही.

तिसरे शस्त्र. आफ्रिकेतील अंगोला व सिएरा लिओन या देशांत बंडखोरांनी हिरे विकून शस्त्रे घेतली आणि त्या यादवीत हजारो निरपराध मेले. त्यावर उपाय म्हणून २००३ साली किंबर्ली प्रक्रिया अमलात आली. भारतही तिचा सदस्य आहे. जगातील बहुसंख्य हिऱ्यांना पैलू सुरतेत पडतात व त्यांचा मोठा व्यापार मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्समध्ये चालतो, म्हणजे हा विषय आपल्या दारातलाच आहे. तथापि या प्रक्रियेत बंडखोरांना पैसा पुरविणाऱ्या कच्च्या हिऱ्यांचाच विचार होतो. मजुरी, बालकामगार, कारागिराचे आरोग्य तिच्या कक्षेत येत नाही. त्यासाठी २००५ साली लंडनमध्ये रिस्पॉन्सिबल ज्वेलरी कौन्सिल स्थापन झाली. तिचे सभासद व्यापारी मजुरीपासून पर्यावरणापर्यंतच्या आचारसंहितेची बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून तपासणी करून घेतात. पण ही बंधने स्वेच्छेची आहेत, आणि खोलीत फुंकणी फुंकणाऱ्या कारागिरापर्यंत ती क्वचितच उतरतात.

मग आपण काय करावे? दागिना घेऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. अडीअडचणीला गरिबाच्या घरात तेवढेच एक धन असते. परंतु चार गोष्टी कटाक्षाने कराव्यात. हॉलमार्कच्या तिन्ही खुणा भिंगातून पाहाव्यात व क्रमांक तेथेच तपासावा. वजन, कॅरेट, सोन्याचा दर आणि घडणावळ वेगवेगळी लिहिलेले पक्के बिल घ्यावे, चमकीचेसुद्धा. जुना दागिना मोडीला देताना वजन व कस आपल्यासमोर करून घ्यावा. आणि दुकानदाराला विचारावे : हे कोठे घडले, कोणी घडविले, डाखात कॅडमियम तर नाही ना? एकाने विचारले तर तो हसेल. प्रत्येक गिऱ्हाईक विचारू लागले तर त्याला उत्तर शोधावे लागेल. विद्यार्थ्यांनी आपल्या आया-बहिणींना ॲप उघडून क्रमांक तपासून द्यावा, एवढे काम आजपासूनही करता येईल.

दुसऱ्यास इजा वा अन्याय न करता पोट भरणे हा सम्यक आजीविकेचा अर्थ परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला शिकविला. तो विकणाऱ्याला लागू आहे, तसा घेणाऱ्यालाही आहे. त्या भगिनीने गंठण तारण ठेवले, मिळाले तेवढे कर्ज घेतले आणि उरलेल्या फीसाठी नातेवाइकांकडे हात पसरला. ‘बाकीचं सोनं गेलं कुठं?’ हा तिचा प्रश्न कारागीर विचारू शकतो, खाणमजूरही विचारू शकतो. तो आपण सर्वांनी मिळून, सराफाच्या गादीसमोर बसून, मोठ्याने विचारला पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!