अक्षर हवं, अक्षराचं चित्र नको

मराठी संगणकाचा आढावा म्हटला की बहुतेक लेखक पुण्यातून निघतात. १९८८ साली सी-डॅक, डॉ. विजय भटकर, अमेरिकेने महासंगणक नाकारल्यावर १९९१ मध्ये उभा राहिलेला ‘परम ८०००’, पुढे घरोघरी पीसी, मग इंटरनेट, मग हातातला फोन. हा इतिहास वाचकांना पाठ आहे आणि त्यात मला भर घालायची नाही. माझ्यासारख्या जिल्ह्याच्या गावातल्या हौशी माणसाला गेली तीस-पस्तीस वर्षं एकाच प्रश्नाने धरून ठेवलं आहे. मी मराठीत लिहितो तेव्हा यंत्राला ती मराठी कळते का, की ते नुसतं मराठीसारखं दिसणारं काहीतरी कागदावर उमटवतं? या लेखात मी त्याच अंगाने जाणार आहे. बाकीचं इतरांनी भरपूर लिहिलं आहे.

हा प्रश्न संगणकाच्या आधीचा आहे आणि त्याची मुळं रत्नागिरीशी जोडलेली आहेत. १८५६ साली इथे जन्मलेल्या लोकमान्यांनी ‘केसरी’च्या छपाईसाठी देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला होता. जोडाक्षरं, काने, मात्रा, उकार, रफार यांचे शेकडो खण समोर मांडून जुळाऱ्याला उभं राहावं लागे. पुढे १९२४ ते १९३७ या काळात सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्यांनी लिपिशुद्धीची चळवळ चालवली आणि अि, अी, अु, अू अशी ‘अ’ची बाराखडी सुचवली. ‘किर्लोस्कर’ मासिकाने ती बरीच वर्षं छापून दाखवली. या दोन्ही प्रयत्नांमागचा हेतू एकच होता, खिळे कमी करायचे. यंत्राला देवनागरी झेपत नाही, तेव्हा देवनागरीनेच थोडं मागे सरावं, हे त्या काळच्या यंत्राकडे पाहता बरोबरच होतं. पण अजूनही काही विद्वान व्यासपीठावरून सांगतात की संगणकासाठी जोडाक्षरं मोडून टाका, ऱ्हस्व-दीर्घ एक करा. त्यांना कोणीतरी सांगायला हवं की संगणकाने ही अडचण केव्हाच संपवली आहे. त्याला खण लागत नाहीत.

ती संपवली जिस्टने. ऐंशीच्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम केलं आणि पुढे ते सी-डॅकमध्ये आलं. ‘परम’बद्दल भाषणं होतात, पण मराठी माणसाच्या रोजच्या जगण्यात मोठी उडी जिस्टची आहे, असं माझं ठाम मत आहे. त्यामागचा विचार पाणिनीच्या वारसांना शोभणारा होता. अक्षराचा आकार साठवायचाच नाही. व्यंजन साठवायचं, हलन्त साठवायचं, पुढचं व्यंजन साठवायचं, स्वरचिन्ह साठवायचं. जोडाक्षर कसं काढायचं ते पडद्याने ठरवावं. जिस्टचं कार्ड पीसीच्या स्लॉटमध्ये बसवलं की साध्या डॉसवर देवनागरी उमटायची. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दाखवणाऱ्याने मराठीत एक ओळ लिहिली, लिपी बदलली, आणि तीच ओळ गुजरातीत, मग कन्नडमध्ये दिसू लागली. सगळ्या भारतीय लिप्यांतल्या ‘क’ला आत एकच क्रमांक होता. हेच तत्त्व ‘इस्की’ या नावाने १९९१ मध्ये भारतीय मानक झालं. त्याच वर्षी जगभरच्या लिप्यांसाठी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिने देवनागरीला दिलेल्या १२८ जागांची मांडणी इस्कीच्या आधीच्या आराखड्यावरूनच घेतली. म्हणजे पाया आपण घातला होता, वेळेवर घातला होता, आणि पुढची पंधरा वर्षं आपणच तो वापरला नाही.

त्या पंधरा वर्षांत फॉन्टचं राज्य आलं. पेजमेकर आला, लेसर प्रिंटर आला, आणि छापखान्यांना घाई झाली. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे, कुठे अर्धा ‘क’, कुठे काना, कुठे रफार, आणि कागदावर सुबक मराठी उमटवायची. श्री-लिपी, आकृती, शिवाजी, सी-डॅकचेच सुरेख आणि योगेश. छपाईच्या दृष्टीने हे उत्तम होतं, आणि ज्या डीटीपी ऑपरेटरांनी रात्री जागून या अक्षरांत दिवाळी अंक लावले त्यांच्या कष्टांना मी कमी लेखत नाही. पण आत मराठी नव्हती. एका फॉन्टमध्ये लावलेला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की ‘हापूस’च्या जागी कंस, डॉलर आणि स्वल्पविराम दिसायचे. ‘हापूस’ शोधा म्हटलं तर यंत्र शोधू शकत नव्हतं, कारण त्या फाइलीत ‘हापूस’ हा शब्दच नव्हता. याद्या अकारविल्हे लागत नव्हत्या. प्रत्येक कंपनीची तुकड्यांची मांडणी वेगळी, काहींची तर आवृत्तीगणिक वेगळी.

मी त्या काळात जिथे संधी मिळेल तिथे हे बोलत होतो. आमच्या जिल्ह्यातल्या एका छापखान्याच्या मालकांनी मला सांगितलं होतं, “अहो, गिऱ्हाइकाला कागद हवा असतो, तुमचं आतलं त्याला काय करायचंय?” व्यवहार म्हणून त्यांचं खरं होतं. पण आज त्याच छापखान्यातली नव्वदच्या दशकातली पुस्तकं पुन्हा काढायची तर पहिल्यापासून टंकन करावं लागतं. रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं आहे. शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक तिथल्या टेबलावर कोणीही उघडून वाचू शकतं. १९९६ सालच्या फ्लॉपीतला मजकूर वाचायला मात्र आधी ड्राइव्ह हवा, मग तो फॉन्ट, मग त्या फॉन्टची नेमकी आवृत्ती, आणि हे सगळं जमलं तरी फ्लॉपीवर बुरशी नसायला हवी.

बुरशीचं खास सांगायला हवं, कारण मुंबई-पुण्याच्या लेखांत ते येत नाही. कोकणात हौस करायची ती चार महिन्यांच्या पावसाशी आणि बारा महिन्यांच्या खाऱ्या वाऱ्याशी जुळवून घेत. गणपतीच्या आधी कुठलाही पीसी चालू केला की लांब शिटी वाजायची आणि पडदा काळाच राहायचा. लोक मदरबोर्ड गेला म्हणून घाबरायचे. आम्ही झाकण उघडायचो, रॅमची पट्टी खालच्या दोन्ही कडा सोडवून अलगद वर काढायचो आणि तिचे सोनेरी दात पांढऱ्या खोडरबराने एकाच दिशेने हळूहळू घासायचो. रबरावर काळपट रेघ उमटायची. मग कोरड्या ब्रशने स्लॉट झाडायचा, पट्टी ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबायची, आणि दहापैकी आठ यंत्रं उठून बसायची. फ्लॉपी आम्ही झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवायचो. वळवाची वीज फोनच्या तारेतून यायची आणि मोडेम जाळायची, म्हणून मे अखेरीस तार काढून ठेवायची शिस्त होती. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर लॅमिंग्टन रोडवरून सकाळी घेतलेला भाग रात्री घरी बसवता येऊ लागला. त्याआधी रात्रीच्या एसटीत हार्ड डिस्क टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन यावं लागे.

युनिकोड आमच्यापर्यंत पोचलं ते विंडोज २००० बरोबर. त्यात देवनागरी आतून होती आणि र. कृ. जोशींनी घडवलेला मंगल फॉन्ट सोबत होता. जोशी सरांसारखा अक्षरांचा जाणकार मराठीत दुसरा झाला नाही. त्यांनी ‘रघु’ हा फॉन्टही मुक्त परवान्याने सर्वांना खुला करून दिला. लिनक्सची बाजू पुण्यातल्या आणि मुंबईतल्या स्वयंसेवकांनी सांभाळली. आम्हाला लिनक्सची चव लागली ती ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाबरोबर येणाऱ्या सीडीने, आणि पुढे लोहित मराठी फॉन्ट आला तेव्हा पायरसीशिवाय संपूर्ण मराठी संगणक चालवता येतो हे सिद्ध झालं. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. तो युनिकोडशिवाय शक्यच नव्हता.

मराठीचे स्वतःचे काही हट्ट होते आणि ते मान्य करून घ्यायला वेळ लागला. आमचं बंदर मिऱ्या. ‘र’, हलन्त, ‘य’ अशा क्रमाने लिहिलं की यंत्र रफार काढायचं आणि मिर्या असा परका शब्द तयार व्हायचा. किनाऱ्यावर, वाऱ्याने, खाऱ्या पाण्यात, कोकणातली एकही बातमी या ‘ऱ्य’शिवाय लिहून होत नाही. दर्या आणि दऱ्या यांत तर अर्थाचाच फरक. उत्तर मानकातच होतं. द्राविडी ‘र’साठी ठेवलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडला की हा अर्धा ‘र’ मिळतो. मी कितीतरी पत्रकारांना शिफ्टसह जे, मग डी, मग य, असं कागदावर लिहून दिलं आहे. ‘ॲ’ला स्वतंत्र जागा मिळाली २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत. तोवर ‘ॲम्ब्युलन्स’ लिहायला हिंदीचा ‘ऍ’ उसना घ्यावा लागे. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं राज्य शासनाने २००९ च्या निर्णयाने पक्की केली आणि मुंबईच्या एक टाइपच्या ‘मुक्त’सारख्या फॉन्टांनी या वळणांना चांगला न्याय दिला. छापखान्यांची शेवटची सबबही २०१२ मध्ये संपली, कारण तेव्हापासून इनडिझाइनमध्ये युनिकोड मराठी नीट जुळवता येऊ लागली.

आता इनस्क्रिप्टकडे येतो. हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे हे मला ओळखणाऱ्यांना सांगायला नको. १९८६ मध्ये शासनाने हा कळफलक मान्य केला, पुढे तो सुधारला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. ‘क’वर शिफ्ट दाबला की ‘ख’, ‘ग’वर ‘घ’, ‘त’वर ‘थ’, ‘प’वर ‘फ’. स्वरचिन्हाची किल्ली शिफ्टसह दाबली की पूर्ण स्वर. बाराखडी आणि वर्णमाला ज्याला येते त्याला हा कळफलक अर्धा आधीच येत असतो. रत्नागिरी लिहायला नऊ किल्ल्या लागतात: र, त, हलन्त, न, काना, ग, वेलांटी, र, वेलांटी. उच्चारात जो क्रम तोच बोटांत. रेमिंग्टनच्या टंकलेखन यंत्रावर ऱ्हस्व वेलांटी आधी आणि ‘ग’ नंतर असा उलटा प्रवास करावा लागे. तो यंत्राच्या गाडीचा नाइलाज होता.

इनस्क्रिप्टला विरोध दोन बाजूंनी झाला. टंकलेखनाच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांचा विरोध मी समजू शकतो, त्यांची बोटं रेमिंग्टनवर बसलेली होती आणि नोकरी वेगावर अवलंबून होती. त्यांच्यासाठी रेमिंग्टनच्या मांडणीतूनही युनिकोड लिहिता येतं. कळफलक वेगळा आणि साठवण वेगळी, हे त्यांना वेळीच कोणी सांगितलं नाही म्हणून ते जुन्या फॉन्टला चिकटून राहिले. दुसरा विरोध मला आजही पटत नाही. सुशिक्षित मंडळी म्हणतात, रोमन अक्षरांत मराठी लिहावी आणि देवनागरी यंत्राने करावी. त्यांच्या लेखांत ‘न’चा ‘ण’ आणि ‘ल’चा ‘ळ’ कसा होतो ते मी वर्षानुवर्षं मुद्रितं तपासताना पाहत आलो आहे. मराठी लिहिताना मनात आधी इंग्रजी स्पेलिंग करायला लागणं हे पिढीच्या अक्षरज्ञानाचं नुकसान आहे. आयआयटी मुंबईच्या आयडीसीने काढलेला ‘स्वरचक्र’ पाहा. फोनवर व्यंजन दाबलं की त्याच्याभोवती त्याची बाराखडी उमलते. मराठी डोक्याने विचार करून बनवलेलं साधन असं असतं, आणि त्याचा प्रसार व्हायला हवा होता तितका झाला नाही.

आज सगळं मिळालं आहे. स्वस्तातल्या स्वस्त फोनमध्ये युनिकोड आहे, फॉन्ट आहेत, बोलून टंकन आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपण ८ कोटी ३० लाख मराठी भाषक आहोत. आणि तरी माझ्या फोनवर येणारी बहुतेक मराठी ही चित्रं असतात. निमंत्रणपत्रिका चित्र, ग्रामसभेची नोटीस चित्र, शाळेचं वेळापत्रक फोटो काढलेलं, कवितासुद्धा फुलांच्या पार्श्वभूमीवर चित्र. संस्थांचे अहवाल स्कॅन करून पीडीएफ. अक्षर साठवायची सोय हाती असताना आपण पुन्हा अक्षराचा आकार साठवू लागलो आहोत. नव्या भाषिक प्रणाली मजकुरावर शिकतात, आणि मराठीचा मजकूर चित्रांत अडकून पडला तर त्या प्रणालींची मराठी हिंदीच्या किंवा इंग्रजीच्या वळणाने जाणार. त्याच्या खुणा आत्ताच दिसतात.

आवाजावरून टंकन आलं, आता कळफलकाची गरज नाही, असं म्हणणारे मित्र आहेत. त्यांनी संगमेश्वरी बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला फोनसमोर बसवावं. यंत्र त्याचं बोलणं प्रमाण मराठीत ओढून नेतं आणि जे नेता येत नाही ते गाळून टाकतं. बोली जशीच्या तशी टिपायची तर ऐकून, हाताने, अक्षर अक्षर लिहावं लागतं. हे काम आमच्याकडे दोन-तीन तरुण शिक्षक करत आहेत, इनस्क्रिप्टवर, आणि त्यांच्या फाइली मी स्वतः तपासतो.

जाता जाता एक विनंती. चिपळूण, लांजा, राजापूर, देवरुख इथल्या जुन्या छापखान्यांत आणि दिवाळी अंकांच्या संपादकांच्या घरी नव्वदच्या दशकातल्या फ्लॉपी आणि सीडी नक्की असतील. त्या टाकू नका. कव्हरवर फॉन्टचं नाव लिहिलेलं असेल तर ते खोडू नका, आणि त्या वेळचा छापील अंक मिळाला तर फ्लॉपीबरोबर ठेवा, कारण कुठला तुकडा म्हणजे कुठलं अक्षर हे त्यावरून ताडून पाहता येतं. बऱ्याच फॉन्टांचे तक्ते मी बनवून ठेवले आहेत आणि फ्लॉपी ड्राइव्ह अजून चालतो. फक्त सामान पावसाळ्यात पाठवू नका, दिवाळीनंतर पाठवा.