दरीकडे तोंड

पोलादपूरच्या माणसाला उतार शिकवावा लागत नाही, असं गुलमर्गला पोहोचेपर्यंत मला वाटत होतं. कांगोरी, चंद्रगड, ढवळे घाट, रायगडाची वाट... पाय कळते झाले तेव्हापासून मी उतरतेच आहे. घसारा आला की टाच रोवायची, अंग मागे टाकायचं, अगदीच निसटायला लागलं तर सरळ बूड टेकायचं. दरीकडे बघायचं नाही. आमच्याकडे हिरकणीचा दाखला कुणीही कशालाही देतो. पण तीसुद्धा कड्याकडे तोंड करूनच उतरली असणार.

गुलमर्गच्या नवशिक्यांच्या उतारावर पायात स्कीचे प्लास्टिकचे जड बूट अडकवले आणि पहिल्या दहा मिनिटांत प्रशिक्षक ओरडला, ‘मॅडम, पीछे मत बैठो! वादी की तरफ झुको!’ दरीकडे झुका. उतार म्हणाल तर आमच्या परसातल्या बांधाएवढा. मी झुकले नाही. दोन्ही स्की पुढे निघून गेल्या आणि मी मागे राहिले, आकाशाकडे बघत.

त्यामागचं गणित नंतर कळलं. स्की ही सरळ फळी नसते. टोकांना रुंद, कमरेत बारीक असते. तिच्या कडेवर पुरेसा भार दिला की ती वाकते आणि आपल्या अंगच्या गोलाईने वळते. नडगी बुटाच्या जिभेवर दाबली जाते तेव्हा तो भार स्कीच्या पुढच्या भागाला मिळतो. मागे झुकलात तर पुढचं टोक हलकं होतं आणि मग ते कुणाचं ऐकत नाही. शिवाय मागे बसत पडणं हेच गुडघ्याला सर्वांत वाईट. बूट आणि स्की जोडणारी खिटी पाय मुरगळला की सुटते, पण सरळ मागे पडताना ती सुटेलच असं नाही. अशा पडण्यात गुडघ्याचं लिगामेंट फाटतं आणि या खेळातली कितीतरी करिअरं तिथेच थांबतात.

आमच्या उताराच्या पलीकडे शर्यतीच्या सरावाची पोरं असायची. मी धडे चुकवून त्यांच्याकडे बघत बसे. सर्वांत आधी नजरेत भरलं ते त्यांचं न खेळणं. वळणं दाखवणाऱ्या काठ्या बर्फात रोवून झाल्या की ती वाटेच्या कडेकडेने, स्की आडव्या धरून, हळूहळू घसरत खाली येत. शर्यतीच्या दिवशीसुद्धा एवढंच चालतं; त्या वाटेवरून आधी वेगाने जाऊन बघायची परवानगी नसते. मग वर जाऊन डोळे मिटायचे. हात पुढे धरून, कमरेतून डोलत, ओठ हलवत संपूर्ण वाट मनात उतरायची. दुरून बघणाऱ्याला वाटावं, देवळात कुणाच्या अंगात आलंय. कुठे बर्फ निबर आहे, कुठल्या काठीनंतर उतार तुटतो, कुठे वळण उशिरा घेतलं तर पुढची तीन हुकतात, हे सगळं पाठ. स्लॅलममध्ये, म्हणजे काठ्यांमधून वळत उतरायच्या या शर्यतीत, सेकंदाला साधारण एक वळण येतं. तिथे विचार करायला वेळ नसतो. केलेला विचार आठवायलाही नसतो.

त्यानंतर आवाज. खाली उभं राहिलं की आधी दिसत नाही, ऐकू येतं: कडक बर्फावर पोलादी कड खरवडल्याचा खर्रर्र, त्यावर काठीला नडगी आपटल्याचा टाक, टाक, टाक. ही पोरं काठी चुकवत नाहीत, अंगावर घेतात. काठी बुडाशी वाकणारी असते. तिला नडगीवरच्या ढालीने आणि मुठीने आडवं पाडत शरीर आतून नेतात, स्की तेवढ्या बाहेरून जातात. पण स्कीचं टोक काठीच्या चुकीच्या अंगाने गेलं की संपलं, फेरी बाद.

एकाने वळताना बर्फाचा सुरेख फवारा उडवला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या प्रशिक्षकाने कपाळाला हात लावला. फवारा म्हणजे स्की घसरली, घसरली म्हणजे ब्रेक लागला. चांगल्या वळणात मागे उरते ती फक्त पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक रेघ. आंबेनळी घाटात एसटीचा चालक उतरतो तेव्हा तोही ब्रेकवर उतरत नाही, गियरवर उतरतो. मात्र त्याला खाली पोहोचायचं असतं, आणि यांना सेकंदाच्या शंभराव्या भागाने आधी पोहोचायचं असतं.

संध्याकाळी एका खोलीत धार लावायचं काम चाले. मला सगळ्यात आवडली ती हीच जागा, कदाचित ओळखीची वाटली म्हणून. स्की उलटी शिकंज्यात धरायची आणि कडेवरून कानस फिरवायची, तीही काटकोनापेक्षा दोन-तीन अंश कमी ठेवून. धार झाली की नख कडेवरून ओढायचं. नखाचा बारीक भुगा निघाला तर ठीक. आमच्याकडे कोयता असाच तपासतात. मग इस्त्री. कपड्यांच्या इस्त्रीसारखीच इस्त्री घेऊन तळावर मेण वितळवायचं, थंड होऊ द्यायचं, खरवडून काढायचं, ब्रश मारायचा. मेण उद्याच्या बर्फाच्या तापमानावर ठरतं. तासभर लावलेलं मेण जवळजवळ सगळं खरवडूनच टाकतात, हे मला अजूनही पटलेलं नाही.

एक फेरी मिनिटभराची. त्या मिनिटासाठी घर सोडून वर्ष वर्ष फिरायचं. गुलमर्गजवळच्या टंगमर्ग भागातला आरिफ खान हे याचं आपल्याकडचं ठळक उदाहरण. वडिलांचं गुलमर्गमध्ये स्कीचं दुकान. चौथ्या वर्षी त्यांनीच मुलाला बर्फावर उभं केलं. 2011च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेत त्याने स्लॅलम आणि जायंट स्लॅलम अशी दोन सुवर्णपदकं घेतली. 2018चं ऑलिंपिक पैशांअभावी हुकलं. 2022च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तो भारताचा एकटा खेळाडू होता आणि त्यासाठी त्याने लग्न पुढे ढकललं होतं. जायंट स्लॅलमच्या दोन फेऱ्या मिळून 2 मिनिटं 47 सेकंद, क्रमांक 45वा. तीन दिवसांनी स्लॅलमची पहिली फेरी तो पूर्ण करू शकला नाही. 45वा क्रमांक ऐकून गावाकडे लोक ‘बरं’ म्हणतात आणि विषय बदलतात.

तिथवर पोहोचायचे गुण उलटे मोजले जातात: जितके कमी तितका खेळाडू वरचा, आणि चांगल्या गेलेल्या शर्यतींच्या सरासरीवर ते ठरतात. म्हणून जिथे शर्यत असेल तिथे जायचं. बीजिंगची स्लॅलमची जागा आरिफने दुबईत, छपराखालच्या कृत्रिम बर्फावर मिळवली. वाळवंटात! गुलमर्गला येईपर्यंत महाडच्या मच्छीबाजारापलीकडे बर्फ न पाहिलेल्या मलाही हे जरा अतीच वाटलं. बरं, ज्याचे गुण वाईट त्याचा नंबर उशिरा. तो निघेपर्यंत आधीच्यांनी प्रत्येक काठीपाशी बर्फ खरवडून खळगे पाडलेले असतात. मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. खळग्यांचा रस्ता मिळतो म्हणून वेळ वाढतो, वेळ वाढतो म्हणून गुण सुधारत नाहीत, आणि गुण सुधारत नाहीत म्हणून पुन्हा खळग्यांचा रस्ता.

शेवटच्या दिवशी मला सलग आठ वळणं जमली. आठव्याला प्रशिक्षक काही बोलला नाही, म्हणजे बरी असावीत. छाती दरीकडे, नडगी बुटावर, भार बाहेरच्या पायावर. भीती गेली नव्हती. फक्त भीती वाटली की कुठे झुकायचं, ते बदललं होतं.

मार्चमध्ये चंद्रगडला गेले. गवत वाळून पिवळं झालेलं, त्याखाली मुरमाचा घसारा. सोबत ढवळ्याचे एक दादा होते, पायात साध्या चपला. उतरताना मला हुक्की आली. गुडघे पुढे घेतले, छाती दरीकडे केली आणि वळणं घेत निघाले. एक, दोन, तीन. चौथ्याला मुरूम बुटासकट निघाला आणि मी दहा-बारा फूट खाली जाऊन एका कारवीच्या जाळीत थांबले.

दादा निवांत वरून आले, हात दिला, पाणी दिलं.

‘ताई, टाच रोवा, टाच,’ ते म्हणाले. ‘आन् तिकडं काय बघताय खाली?’