व्याकरण येते, मग वाचा का बसते?

जळगाव/धुळे, प्रतिनिधी : राज्यातील मराठी शाळांत जून २००० पासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजी आले. तोपर्यंत ही भाषा पाचवीत भेटत असे. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले आज तिशीत आहेत. दहावीपर्यंत दहा वर्षे आणि पुढे महाविद्यालयात आणखी काही वर्षे इंग्रजी शिकूनही, पुण्या-मुंबईच्या मुलाखतीत साधा प्रश्न इंग्रजीत विचारला गेला की जळगाव-धुळ्याकडच्या अनेक तरुणांची वाचा बसते. उत्तर ठाऊक असते. लिहायला सांगितले तर चार ओळी बिनचूक लिहिताही येतात. तोंडातून मात्र 'आय... आय...'च्या पुढे काही निघत नाही. नोकरी हुकते आणि दोष बुद्धीवर किंवा 'गावाकडच्या शिक्षणा'वर टाकला जातो. भाषातज्ज्ञांनी या अडचणीचा जो अभ्यास केला आहे, तो मात्र वेगळेच सांगतो.

क्रियापदाची घाई

लिहिताना विचार करायला वेळ असतो, बोलताना तो नसतो. त्यात मराठी आणि इंग्रजी वाक्याची ठेवण एकमेकींच्या उलट आहे. 'मी काल बसने धुळ्याला गेलो' या वाक्यात क्रियापद शेवटी येते. बोलणाऱ्याला तोवर उसंत मिळते. इंग्रजीत कर्त्यामागोमाग क्रियापद हवे, म्हणजे काळ आणि रूप दोन्ही दुसऱ्याच शब्दाला ठरवावे लागतात. 'आय' म्हणून होणारा थांबा हा या घाईचा परिणाम असतो. मराठीत 'ला', 'ने', 'हून' हे नामाच्या मागे लागतात. इंग्रजीत त्यांच्या जागी येणारे शब्द नामाच्या आधी येतात. 'अ', 'ॲन', 'द' यांच्यासारखी उपपदे तर मराठीत नाहीतच. मनात मराठी वाक्य जुळवून त्याचे भाषांतर करणारा विद्यार्थी म्हणूनच अडखळतो.

'मी दोन वर्षांपासून येथे राहतो' याचे 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स' होते, तेही याच वाटेने. 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टू इयर्स' हे शुद्ध रूप. पण पहिल्या वाक्याचा अर्थही ऐकणाऱ्याला कळतो. शिकणारा स्वतःचे काही नियम बांधून दोन भाषांच्या मधली एक भाषा बोलत असतो. अमेरिकी भाषातज्ज्ञ लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये तिला 'आंतरभाषा' असे नाव दिले. ही अवस्था अज्ञानाची नसून शिकण्याच्या मार्गावरील एक टप्पा आहे.

उच्चारांचेही असेच आहे. मराठी लेखनात 'वॉच' आणि 'व्हॅन' असा फरक आपण करतो, परंतु बोलताना दोन्हींचा 'व' होतो. पहिल्यासाठी ओठ गोल करायचे, दुसऱ्यासाठी वरचे दात खालच्या ओठाला लावायचे, एवढे कोणी दाखवून दिले तर फरक लवकर साधतो. 'फोटोग्राफ'मध्ये आघात पहिल्या अक्षरावर, तर 'फोटोग्राफर'मध्ये तो दुसऱ्यावर पडतो. मराठीत आघाताने अर्थ बदलत नसल्याने हे कानाला जाणवत नाही. ऐकूनच ते अंगवळणी पडते.

घरची बोली, शाळेची मराठी

खान्देशात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. येथील असंख्य मुलांची घरची भाषा अहिराणी किंवा लेवा गणबोली असते. सातपुड्याच्या पायथ्याशी भिली आणि पावरी बोलल्या जातात. ग्रिअर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणात १९०७ च्या खंडात खान्देशीची नोंद भिली भाषांसोबत झाली. २०११ च्या जनगणनेत खान्देशी भाषकांची संख्या १८ लाखांहून अधिक होती. 'आहे'ला 'शे' आणि 'केळी'ला 'केयी' म्हणणारे मूल शाळेत आले, की प्रमाण मराठी हीच त्याची दुसरी भाषा ठरते. इंग्रजीचा क्रमांक तिसरा.

'केयी' म्हटल्यावर वर्गात पिकलेला हशा अनेकांच्या मनात घर करून राहतो. तोंड उघडले की हसे होते, हा धडा इंग्रजीच्या तासापूर्वीच गिरवलेला असतो. अमेरिकेतील इलेन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये परभाषेच्या वर्गातील भीती मोजण्यासाठी ३३ विधानांची प्रश्नावली तयार केली. बोलण्याचा संकोच, परीक्षेची धास्ती आणि इतर काय म्हणतील ही चिंता, असे या भीतीचे तीन धागे त्यांनी दाखवले. भीतीने शब्द आठवत नाहीत, शब्द न आठवल्याने भीती वाढते, असे हे चक्र आहे.

परीक्षापद्धतीही त्याला हातभार लावते. दहावीला इंग्रजीची लेखी परीक्षा ८० गुणांची. बोलण्याची कसोटी लागते ती अंतर्गत मूल्यमापनाच्या २० गुणांतच. २०१९ च्या परीक्षेत तर तेही वगळले होते. पुढील वर्षी ते परत आले. जे गुणपत्रिकेत फारसे दिसत नाही, त्याचा सराव वर्गात मागे पडतो.

पळवाट आणि वाट

शब्द अडला की विद्यार्थी काय करतात, याचे वर्गीकरण इलेन टारोन यांनी १९७०च्या दशकात केले. कोणी विषयच टाळतो, कोणी मातृभाषेतील शब्द घालतो, कोणी दुसऱ्या शब्दांत सांगतो, कोणी समोरच्याची मदत मागतो, तर कोणी हातवारे करतो. यांतील टाळणे सर्वांत सोपे आणि सर्वांत महागात पडणारे. 'येस सर', 'नो सर' यांवर वेळ निभावते, पण सराव होत नाही. पाठ केलेला स्वपरिचयही पहिल्याच उपप्रश्नाला कोसळतो.

दुसऱ्या शब्दांत सांगणे मात्र कामी येते. गाळणीला इंग्रजी शब्द आठवला नाही, तर 'द थिंग वी यूज टू फिल्टर टी' म्हणता येते. विचाराला वेळ हवा असेल तर 'लेट मी थिंक', प्रश्न कळला नाही तर 'कुड यू से दॅट अगेन?' असे म्हणणे इंग्रजीत कमीपणाचे मानत नाहीत. अशी दहा-पंधरा तयार वाक्ये ओठांवर असली, की पुढचे वाक्य जुळवायला अवधी मिळतो.

सरावाची एक बिनखर्ची पद्धत जगभर वापरली जाते. एकच हकिगत पहिल्या श्रोत्याला चार मिनिटांत, दुसऱ्याला तीन आणि तिसऱ्याला दोन मिनिटांत सांगायची. मजकूर तोच असल्याने लक्ष ओघाकडे जाते आणि अडखळणे कमी होते. चार मित्र आणि एक घड्याळ एवढे साहित्य अभ्यासिकेतही पुरते. शिक्षकांनी बोलणे मध्येच न तोडता चूक वाक्य संपल्यावर दाखवली, तर धीर टिकतो.

यावल तालुक्यातील सांगवी या खेड्यात जन्मलेले ज्ञानपीठविजेते भालचंद्र नेमाडे यांनी इंग्रजीचे अध्यापन केले, लंडनच्या विद्यापीठातही शिकवले आणि सर्जनशील लेखन मराठीतच केले. घरची बोली सोडल्याशिवाय इंग्रजी येत नाही, हा समज त्यांच्या उदाहरणाने खोटा ठरतो. घरी 'केयी' आणि शाळेत 'केळी' म्हणणाऱ्या मुलाने एक भाषा व्याकरणाच्या पुस्तकाविना, ऐकून आणि चुकत बोलून आधीच कमावलेली असते. इंग्रजीलाही तोच रस्ता आहे. प्रश्न उरतो तो त्याला चुकू देणाऱ्या वर्गाचा आणि न हसणाऱ्या श्रोत्यांचा.