अंगावरचं दूध काढून ठेवलं, आता ते कोमट कसं करायचं?

मागच्या महिन्यात आमच्या एका गटाची बैठक होती. हप्ते लिहून झाले, सह्या झाल्या, आणि उठता उठता एक सदस्य हळूच म्हणाली, "ताई, मी दूध काढून ठेवून जाते, तरी बाळ उपाशीच राहतंय." ती रांजणगावच्या एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला जाते. बाळ साडेपाच महिन्यांचं. कायद्यात पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पण ठेकेदाराकडच्या बाईला ती किती मिळते हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. ती पहाटे उठून वाटीभर दूध काढते, झाकून फ्रीजमध्ये ठेवते आणि कंपनीची गाडी पकडते.

आम्ही दोघी तिच्या घरी गेलो तेव्हा उलगडा झाला. सासूबाई ते दूध छोट्या पातेल्यात ओतून गॅसवर चांगलं उकळत होत्या, मग गार करून पाजत होत्या. थोडं आटायचं, थोडं पातेल्याला चिकटायचं. बाळाच्या पोटात जायचं ते जेमतेम निम्मं.

आम्ही त्यांना नावं ठेवणार नाही. दारात दोन म्हशी, सगळा जन्म दूध तापवण्यात गेलेला. बिनतापवलेलं दूध लेकराला पाजायचं म्हणजे त्यांच्या जिवाला घोरच. आणि म्हशीच्या दुधाबाबत त्यांचं बरोबरच आहे. ते दूध कासेतून चरवीत, चरवीतून किटलीत, किटलीतून डेअरीवर जातं. वाटेत शेणाचा हात लागतो, माशी बसते. क्षयासारखे जनावराचे काही आजारही दुधातून माणसाला होऊ शकतात. म्हणून ते उकळायलाच हवं.

आईच्या दुधाचं तसं नाही. ते त्याच आईचं, त्याच बाळासाठी. त्यात रोगाशी लढणारे घटक असतात, जिवंत पेशी असतात, आणि दूध पचायला मदत करणारे पाचक रसही असतात. उकळलं की नेमकं हेच मरतं. राहतं ते पोट भरण्यापुरतं. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आईच्या दुधाची पेढी सुरू केली, आशियातली पहिली. तिथं एका आईचं दूध दुसरीच्या बाळाला द्यायचं असतं, म्हणून ते तापवावं लागतं. पण दूधपेढीतसुद्धा दूध उकळत नाहीत. ६२.५ अंशांवर अर्धा तास ठेवतात आणि लगेच गार करतात. परक्या आईच्या दुधाला जिथं एवढं जपतात, तिथं आपल्याच सुनेचं दूध आपण का उकळावं? उकळायचं ते भांडं. वाटी, झाकण, चमचा दहा मिनिटं पाण्यात उकळा, आणि काढणाऱ्या बाईनं हात साबणानं धुवा.

आता कोमट कसं करायचं ते. एका पातेल्यात पाणी गरम करा आणि गॅस बंद करा. पाण्यात बोट सुखानं ठेवता आलं पाहिजे, चटका बसला तर पाणी जास्त गरम आहे. त्यात दुधाची झाकलेली वाटी ठेवा, पाणी वाटीच्या काठापर्यंत येऊ देऊ नका. पाच-दहा मिनिटांत दूध कोमट होतं. फ्रीजमधल्या दुधावर सायीसारखा थर आलेला दिसेल, खाली पाणीदार, थोडं निळसर. ते नासलेलं नाही, स्निग्ध भाग वर आलाय एवढंच. वाटी हळूच गोल फिरवली की एकजीव होतं. मग मनगटाच्या आतल्या बाजूला दोन थेंब टाकून बघा. गरमही लागू नये, गारही लागू नये. वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं पाजा. बाटलीची बुचं नीट स्वच्छ होत नाहीत, शिवाय काही बाळं बाटलीची सवय लागली की अंगावर ओढत नाहीत.

कुणाकडे मायक्रोवेव्ह असेल तर त्यात हे दूध मुळीच ठेवू नका. बाहेरून वाटी कोमट लागते आणि आत मध्येच कढत राहतं. बाळाची जीभ पोळते.

बर्फाच्या कप्प्यात ठेवलेलं दूध असेल तर ते आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवून ठेवा, सकाळपर्यंत वितळतं. घाई असेल तर आधी साध्या, मग कोमट पाण्यात वाटी धरा. ओट्यावर तासन्‌तास ठेवून वितळवू नका. पूर्ण वितळलेलं दूध फ्रीजमध्ये २४ तास चालतं, परत बर्फात घालायचं नाही. वितळल्यावर कधी कधी साबणासारखा वास येतो. बाळ पीत असेल तर खुशाल पाजा. आंबूस वास आला तर मात्र टाका. एका दाराच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात पंधरा दिवसांहून जास्त ठेवू नका.

फ्रीजमध्ये खाली ठेवलेलं दूध चार दिवस टिकतं असं डॉक्टर सांगतात. पण आपल्याकडची लाईट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून गटात आम्ही २४ तासच धरायला सांगतो. दारातल्या कप्प्यात नको, आत मागच्या बाजूला ठेवा. फ्रीजच नसेल तर थंडीत चार तास. उन्हाळ्यात दौंडला पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा चार तासांचा हिशोब विसरा, दीड-दोन तासांत पाजून टाका. माठाशेजारी ठेवलं तर चालेल का, असं कोप्यांवरच्या ऊसतोडणीच्या बायांनी आम्हाला विचारलं होतं. थोडं गार राहील, पण त्याला फ्रीज समजू नका. त्यांना आम्ही सांगितलं, बाळ फडाजवळ सावलीत असेल तर दूध काढत बसण्यापेक्षा मध्येच उठून अंगावर पाजा.

एकदा कोमट केलेलं दूध दोन तासांत संपवायचं. बाळाचं उष्टं राहिलेलं पुन्हा गरम करून द्यायचं नाही. उरलेलं टाकताना जीव तुटतो, ते आम्हाला कळतं. म्हणून एका वाटीऐवजी दोन-तीन छोट्या वाट्यांत ठेवा आणि लागेल तेवढीच काढा.

बाळ दिवसाआधी जन्मलेलं किंवा कमी वजनाचं असेल तर हे सगळं दवाखान्यातल्या सिस्टरला नाहीतर आशाताईंना विचारूनच करा. त्या बाळांचे नियम जास्त कडक असतात.

त्या सासूबाईंना लिहिता-वाचता येत नाही, तारखेची चिठ्ठी त्यांच्या कामाची नाही. त्यांनी स्वतःच तोड काढली. कालच्या वाटीला लाल दोरा, आजच्या वाटीला हिरवा, आणि आधी लाल संपवायची. निघताना त्यांनी विचारलं, "लाईट गेली, गॅस संपला, आणि लेकरू रडाया लागलं, तर गारच पाजलं तर?" चालतं. पूर्ण दिवसांच्या धडधाकट बाळाला फ्रीजमधलं दूध तसंच पाजलं तरी काही होत नाही, कोमट करणं हे फक्त त्याच्या आवडीसाठी. त्या दोन मिनिटं गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तरी मी पाण्यात ठेवीनच."