पाहुण्याशीं बोलण्यापूर्वीं

दोन राष्ट्रांचे प्रमुख भेटले, त्यांनीं हस्तांदोलन केलें, कांहीं तास खलबत झालें आणि एक पत्रक प्रसिद्ध झालें, एवढेंच वृत्तपत्रांच्या वाचकांस दिसतें. मांडवांतील पंगत पाहून माजघरांतील आठ दिवसांची धांदल ध्यानांत येत नाहीं. तद्वत् या भेटीमागील पूर्वतयारीहि लोकांच्या दृष्टीस पडत नाहीं. ती कशी होते आणि तिचा उपयोग काय, हें एका खऱ्या प्रसंगावरून पाहणें उद्बोधक होईल.

तो प्रसंग २ जून १९८४ चा. त्या दिवशीं दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान पी. डब्ल्यू. बोथा हे ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांस भेटण्यासाठीं चेकर्स येथें आले. चेकर्स हा बकिंगहॅमशायर परगण्यांतील जुना वाडा ब्रिटिश पंतप्रधानांच्या वापरासाठीं राखून ठेवलेला आहे. दक्षिण आफ्रिका १९६१ मध्यें राष्ट्रकुलांतून बाहेर पडली. त्यानंतर तेथील पंतप्रधानाची ब्रिटनमधील ही पहिलीच भेट. आदल्या मार्च महिन्याच्या १६ तारखेस बोथा यांनीं मोझांबिकचे अध्यक्ष समोरा माशेल यांच्याशीं एन्कोमाटी नदीकांठीं अनाक्रमणाचा करार केला होता, आणि त्यामुळें युरोपांतील कांहीं दारें त्यांच्यासाठीं किलकिलीं झालीं होतीं. परंतु वर्णभेदाचें राज्य चालविणाऱ्यास घरीं बोलवावेंच कां, असा सवाल करीत त्याच दिवशीं लंडनमध्यें हजारों लोक रस्त्यावर उतरले.

अशा वेळीं तयारी करणाऱ्यांपुढें पहिला प्रश्न असतो तो हा, कीं या बैठकीतून आपणांस काय हवें? उत्तर सोपें नव्हतें. दक्षिण आफ्रिकेंत ब्रिटिश भांडवल फार मोठ्या प्रमाणावर गुंतलेलें होतें आणि ब्रिटिश वंशाचे लोकहि तेथें पुष्कळ होते. उलट, राष्ट्रकुलांतील आफ्रिकी राष्ट्रें आणि हिंदुस्थान यांस वर्णभेदाची चीड होती. हिंदुस्थानानें तर १९४६ मध्येंच दक्षिण आफ्रिकेशीं व्यापार तोडला होता. नोव्हेंबर १९८३ मध्यें राष्ट्रकुलाच्या प्रमुखांची परिषद दिल्लीसच भरली होती. म्हणजे चेकर्स येथील शब्दन् शब्द लुसाका आणि दिल्ली येथें तोलला जाणार, हें उघड होतें.

पेशवाईंत परदरबारचे वकील नित्य पत्रें लिहून तेथील हालहवाल कळवीत. आज तें काम राजदूताच्या तारा करतात. यजमान कोणत्या विवंचनेंत आहे, पाहुणा कोणती मागणी घेऊन येत आहे, त्याच्या पक्षांत त्याला विरोध कोणाचा, हें सारें त्यांतून कळतें. परराष्ट्रखात्यांत त्या देशाचें काम पाहणारा अधिकारी यावरून पहिलें टिपण तयार करतो. व्यापार, संरक्षण, गृह अशीं इतर खातीं आपापला मजकूर जोडतात. शेवटीं पंतप्रधानांचा खाजगी चिटणीस त्या चळतीची छाटणी करून ती एका रात्रींत वाचून होईल इतकी आटोपशीर करतो. पंतप्रधानाला वाचावयास वेळ थोडा असतो; म्हणून काय गाळावें हें ठरविणें, काय लिहावें हें ठरविण्याहून अवघड असतें.

अशा टिपणाचे सामान्यतः चार भाग पडतात. पहिल्यांत भेटीचा हेतु. दुसऱ्यांत आपण होऊन काढावयाचे मुद्दे. तिसऱ्यांत पाहुणा काय काढील आणि त्यास काय उत्तर द्यावें. चौथ्यांत मागील हकीकत. यांपैकीं तिसरा भाग खरा कसोटीचा. तो लिहितांना लेखकाला घटकाभर पाहुण्याच्या खुर्चीत बसावें लागतें.

बोथा यांच्याजवळ सांगण्यासारखें काय होतें तें पाहा. २ नोव्हेंबर १९८३ रोजीं गोऱ्या मतदारांनीं नव्या राज्यघटनेस संमति दिली होती. तिच्यांत गोरे, संमिश्र वंशाचे लोक आणि हिंदी वंशाचे लोक यांच्यासाठीं तीन वेगळीं सभागृहें होतीं. हीच सुधारणा, असें ते म्हणूं शकत. परंतु देशांतील बहुसंख्य अशा आफ्रिकी जनतेला या घटनेंत एकहि जागा नव्हती. ही एक गोष्ट जवळ असली म्हणजे सुधारणेचें सगळें वर्णन तिच्या कसोटीवर घासून पाहतां येतें. केप टाउनजवळील क्रॉसरोड्ससारख्या वस्त्यांवर हुसकावणीचें संकट होतें. नेल्सन मंडेला १९६४ पासून जन्मठेपेची शिक्षा भोगीत होते. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीनें १९७८ मध्यें ४३५ क्रमांकाचा ठराव करून नामिबियाच्या स्वातंत्र्याची योजना मान्य केली होती. परंतु अंगोलांतील क्यूबाचें सैन्य आधीं हटावें, या अटीवर दक्षिण आफ्रिका अडून बसली होती.

पाहुण्याचा स्वभाव हाहि टिपणाचा विषय असतो. बोथा हे १९६६ पासून संरक्षणखातें सांभाळून १९७८ मध्यें पंतप्रधान झालेले, हट्टी आणि तापट म्हणून प्रसिद्ध. स्वदेशीं त्यांना 'मोठी सुसर' म्हणत. अशा माणसाला चारचौघांत डिवचलें तर तो ताठर होतो. एकांतांत स्पष्ट बोललें तर निदान ऐकून तरी घेतो. चेकर्स येथें प्रथम दोघांचेंच बोलणें झालें आणि मग सहकारी येऊन बसले.

थॅचर यांनीं पुढें आपल्या आठवणींत या भेटीची हकीकत दिली आहे. सुधारणांचें श्रेय आम्हांस कोणी देत नाहीं, अशी बोथा यांची तक्रार होती. थॅचर यांनीं लोकांना बळानें हुसकावून लावण्याचा निषेध केला आणि मंडेला यांच्या सुटकेचा विषय काढला. मुख्य चर्चा नामिबियावर झाली. परंतु तींत फारशी प्रगति झाली नाहीं.

मग तयारी फुकट गेली काय? तसें म्हणवत नाहीं. मंडेला यांचें नांव त्या खोलींत उच्चारलें गेलें, आणि 'आम्हांला कोणी विचारलेंच नाहीं' असें म्हणण्याची सोय राहिली नाहीं. मात्र तयारीची मर्यादाहि येथेंच दिसते. थॅचर यांचा सरसकट आर्थिक बहिष्कारास विरोध होता. शब्दांमागें दडपण नसेल तर ते शब्द पाहुणा विसरून जातो, असें टीकाकार म्हणत. बोलणेंच बंद केलें तर हातीं कांहींच उरत नाहीं, असें थॅचर यांचे समर्थक म्हणत. टिपण उत्तम असलें तरी धोरणाचा हा वाद तें मिटवूं शकत नाहीं. १९८५ च्या आरंभीं बोथा यांनीं हिंसेचा त्याग करण्याच्या अटीवर सुटका देऊं केली, ती मंडेला यांनीं नाकारली. त्यांची विनाअट सुटका ११ फेब्रुवारी १९९० रोजीं झाली, आणि त्याच वर्षीं २१ मार्च रोजीं नामिबिया स्वतंत्र झाला. यांत सर्वांत मोठा वांटा त्या लोकांच्या स्वतःच्या झगड्याचा होता.

शिष्टाईस निघण्यापूर्वीं श्रीकृष्णानें पांडवांचें म्हणणें ऐकून घेतलें, आणि द्रौपदीनें आपले केस दाखवून त्याला कौरवसभेंतील अपमानाची आठवण दिली, असें महाभारतांत आहे. जिची विटंबना झाली ती त्या बोलणीच्या वेळीं सभेंत असणार नव्हती. म्हणून तिचें म्हणणें आधींच ऐकणें अवश्य होतें. चेकर्स येथेंहि क्रॉसरोड्सच्या झोपड्यांतील कोणी खुर्चीवर बसलेलें नव्हतें. अशा वेळीं गैरहजर माणसाची बाजू खोलींत येते ती आदल्या रात्रीं वाचलेल्या कागदांतून. ते कागद प्रामाणिकपणें लिहिणें, हेंच या अप्रसिद्ध कामाचें मोल होय.