दवाखान्याबाहेरचे आरोग्य

मुंबईच्या ईशान्येस, भांडुप आणि मुलुंड यांच्या मध्ये, जुन्या साष्टीच्या मुलखात वसलेल्या नाहूरला स्वतःचे रेल्वे स्थानक 2006 साली मिळाले, आणि तेव्हापासून या गावाचा चेहरामोहरा झपाट्याने पालटत गेला. येथील उंच इमारतींत नळ सोडताच जे पाणी पडते, ते तानसा, वैतरणा, भातसा अशा दूरच्या जलाशयांतून येते. मुंबईस पुरविल्या जाणाऱ्या पाण्याचा फार मोठा भाग तर नाहूरच्या शेजारीच, भांडुपच्या संकुलात शुद्ध केला जातो. ज्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणे आहेत, त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर चैत्र-वैशाखात बायाबापड्यांना डोक्यावर हंडे घेऊन रानोमाळ हिंडावे लागते, ही वार्ता दरवर्षी वर्तमानपत्रांत येते आणि दरवर्षी आपण ती वाचून हळहळतो. हळहळ खोटी नसते. तिच्यापोटी वह्या, कपडे आणि औषधे यांनी भरलेल्या गाड्या उपनगरांतून खेड्यांकडे जातात, एका दिवसाची तपासणी शिबिरे भरतात, आणि संध्याकाळी गाड्या परततात. पण दुसऱ्या दिवसापासून त्या गावात काय बदलते, हा प्रश्न ज्याच्या मनाला खरोखर लागला असेल, त्याने जामखेडची हकीकत मुळापासून समजून घ्यावी, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

जामखेड हा अहिल्यानगर, म्हणजे कालपरवापर्यंतच्या अहमदनगर, जिल्ह्याचा आग्नेय टोकाचा तालुका. मराठ्यांनी 1795 साली निजामाचा पराभव केला ते खर्डा याच तालुक्यात, आणि देशभर घाट, विहिरी व धर्मशाळा बांधून वाटसरूंची तहान व शीण ज्यांनी हरला त्या अहिल्याबाई होळकरांचा जन्म ज्या चौंडी गावी 1725 साली झाला, ते गावही याच तालुक्यातले. इतिहासाने इतके दिले असले तरी पर्जन्याने मात्र या मुलखास सदैव हात आखडूनच दिले. अवर्षण, उसाच्या तोडणीसाठी किंवा खडी फोडण्यासाठी होणारे स्थलांतर आणि जातिभेदाचे कडेकोट कुंपण, अशी 1970 च्या सुमाराची येथील परिस्थिती होती. आणि त्याच वर्षी डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य येथे येऊन स्थिरावले.

रजनीकांत आरोळे याच जिल्ह्यातील राहुरीचे. पतिपत्नी दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेली आणि खेड्यातील दरिद्री माणसांची सेवा करण्याचा संकल्प विवाहाच्या वेळीच केलेली. आरंभी काही वर्षे वडाळा येथील मिशनच्या रुग्णालयात त्यांनी काम केले, आणि तेथेच त्यांच्या ध्यानी आले की, दवाखान्याच्या दारी येणारी बहुसंख्य दुखणी मुळात होऊच नयेत अशी आहेत. हगवणीचे मूल बरे करून घरी धाडावे तो तेच मूल त्याच दूषित पाण्यापायी महिन्याभराने पुन्हा पदरात घेऊन आई उभी राहते. तेव्हा दोघेही अमेरिकेत गेली, तेथे आपापल्या विषयांत प्रावीण्य मिळवून जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे अध्ययन केले, आणि परत येऊन एखाद्या मोठ्या शहरात सुखाने व्यवसाय थाटण्याऐवजी जामखेडमध्ये समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांचा पहिला दवाखाना जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत भरला.

त्यांनी गावकऱ्यांना विचारले की तुम्हांला काय हवे. डॉक्टरांनी हा प्रश्न विचारला म्हणजे औषध, सुई, इस्पितळ असे उत्तर येईल अशी आपली अपेक्षा. परंतु अल्पावधीतच 1972 चा भीषण दुष्काळ सुरू झाला, आणि गावांनी मागितले ते पाणी आणि अन्न. येथे एखादी दुसरी संस्था म्हणाली असती की हे आमचे काम नव्हे, यासाठी मामलेदार कचेरीत अर्ज करा. आरोळे दांपत्याने कूपनलिका खोदण्याची आणि कामाच्या मोबदल्यात धान्य देण्याची तजवीज केली, बांधबंदिस्तीची कामे काढली, आणि लहान मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे चालविली. त्यांतील कूपनलिकांची गोष्ट मला विशेष मननीय वाटते. हातपंप कोठे बसवावयाचा, हे भूगर्भातील पाण्यावर अवलंबून असते हे खरे. पण जेथे निवड करणे शक्य होते तेथे तो दलित वस्तीत बसविण्याचा त्यांनी कटाक्ष ठेवला. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या सार्वजनिक विहिरीपाशी लांब उभे राहून कोणी तरी ओंजळीत पाणी ओतील याची वाट पाहावी लागली, त्यांच्या अंगणात आता सवर्ण स्त्रिया घागरी घेऊन येऊ लागल्या. व्याख्यानांनी आणि ठरावांनी जे झाले नव्हते, ते लोखंडाच्या एका दांड्याने घडवून आणले. आरोग्याच्या संस्थेने अस्पृश्यतेच्या प्रश्नात का पडावे, असे कोणी विचारील तर उत्तर सरळ आहे: ज्या वस्तीला स्वच्छ पाण्यापाशी जाण्याची मुभा नाही, तिची हगवण कोणत्याही औषधाने थांबत नाही.

पुरुषांना एकत्र आणण्यासाठी त्यांनी गावोगाव व्हॉलीबॉलचा खेळ मांडला, आणि खेळता खेळता जमलेल्या त्या तरुणांतून शेतकरी मंडळे उभी राहिली; पुढे स्त्रियांची महिला मंडळे झाली. वृक्षारोपण, जनावरांचे संगोपन, बचत, लहान कर्जे हे सारे या मंडळांनी अंगावर घेतले, आणि मुलांची वजने घेऊन कोणते मूल खंगते आहे याची नोंद ठेवणेही गावकरीच करू लागले. आपल्याच गावाची पाहणी आपल्याच माणसांनी केली की तिचे दप्तर कपाटात पडून राहत नाही, ते चावडीवर चर्चेला येते.

पण या सर्व उद्योगाचा प्राण ठरल्या त्या ग्राम आरोग्य कार्यकर्त्या. प्रथम शहरांत शिकलेल्या परिचारिकांना खेड्यात ठेवून पाहण्यात आले. परंतु परक्या गावी एकट्या तरुण स्त्रीला राहणे अवघड, आणि गावालाही तिच्या बोलण्याचा भरवसा वाटेना. तेव्हा गावाने स्वतःच आपल्यातली एक स्त्री निवडावी आणि संस्थेने तिला शिकवावे, असा मार्ग निघाला. निवडल्या गेलेल्या बहुतेक स्त्रिया निरक्षर होत्या. कित्येक दलित होत्या, कोणी नवऱ्याने टाकलेली, कोणी विधवा. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, एका छपराखाली राहत, एकत्र जेवत, एकेक विषय शिकून घेत आणि गावी परतून तो घरोघरी सांगत. ज्या स्त्रीला घरात कोणी नावानेही हाक मारीत नव्हते, तिला डॉक्टर शेजारी बसवून तिचे मत विचारतात, याचा तिच्या मनावर काय परिणाम झाला असेल याची कल्पना सुस्थितीतील वाचकांनी प्रयत्नपूर्वक करावयास हवी. तिचे शिक्षण आरोग्याच्या ज्ञानापासून नव्हे, स्वतःच्या किमतीच्या जाणिवेपासून सुरू झाले.

तिचे काम थोडे जवळून पाहावे. बाळंतीण होऊ घातलेल्या घरी ती जाते तेव्हा पिशवीत नवे पाते, उकळलेला दोरा आणि स्वच्छ कापड असते. कारण विळ्याने किंवा दगडाने नाळ कापल्यामुळे होणाऱ्या धनुर्वाताने किती अर्भके गेली हे तिने स्वतःच्या गावात पाहिलेले असते. गरोदरपणी कमी जेवले म्हणजे मूल लहान होते आणि सुटका लवकर होते, हा समज ती सासूच्या देखत खोडून काढते. पहिले चिकाचे दूध पिळून टाकून द्यावयाचे आणि बाळाला तीन दिवस पाजायचे नाही, ही रीत ती बंद पाडते. एखादे मूल जुलाबांनी निपचित पडले, डोळे खोल गेले, चिमटीत धरलेली कातडी सोडली तरी पूर्ववत होईना, अशा वेळी ती तालुक्याच्या गाडीची वाट पाहत बसत नाही. उकळून निववलेल्या एका लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ती ते ढवळते, प्रथम स्वतः चाखते, आसवांहून खारट लागत नाही ना याची खात्री करून घेते, आणि आईच्या हाती वाटी-चमचा देऊन, थोडे थोडे पण सतत, पाजावयास लावते. याच तत्त्वाच्या द्रावणाने 1971 साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या असंख्य रोग्यांना वाचविले होते. जे शास्त्र छावणीत सिद्ध झाले, ते जामखेडच्या पाटी-पेन्सिल न धरलेल्या बाईने आपल्या चुलीपाशी आणले. ते पाणी करणे तिने आईला शिकविले, आणि आईने शेजारणीला.

अधिकृत विद्या अशी निरक्षर हाती सोपविणे योग्य काय, ही शंका त्या काळी पुष्कळांनी घेतली, आणि तिचे उत्तर आकड्यांनीच द्यावयास हवे. संस्थेच्या दप्तराप्रमाणे 1971 साली या गावांत जन्मलेल्या दर हजार अर्भकांपैकी 176 वर्षाच्या आत दगावत; पंचवीस वर्षांत हे प्रमाण तिसाच्याही खाली आले. त्याच काळात राज्यभरही सुधारणा होत होती, तेव्हा सगळे श्रेय एका संस्थेच्या पदरी घालणे न्याय्य नाही. म्हणूनच प्रकल्पातील गावे आणि भोवतालची इतर गावे यांची तुलना करणारे जे संशोधन 2010 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, त्याचा निष्कर्ष मला अधिक विश्वसनीय वाटतो: प्रकल्पाच्या गावांत पाच वर्षांखालील बालकांचे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी कमी होते. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेनेही खेड्यातील स्त्रियांनाच नवजात अर्भकांची घरी शुश्रूषा करावयास शिकविले, आणि नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा वृत्तांत 1999 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला.

जामखेडची कीर्ती लवकरच परदेशी पोहोचली. जागतिक आरोग्य संघटनेने 1975 साली काढलेल्या ग्रंथात या प्रकल्पाला स्थान मिळाले, 1978 साली आल्मा-आटा येथील परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जो जाहीरनामा काढला त्याच्या पार्श्वभूमीस अशाच मोजक्या प्रयोगांचा अनुभव होता, आणि 1979 साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक देण्यात आले. सन्मानाची यादी येथे आवरती घेतो.

सरकारनेही हा धडा गिरवला. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि साधारण हजार लोकसंख्येमागे एक याप्रमाणे ‘आशा’ या आरोग्य कार्यकर्त्या नेमल्या गेल्या. आज त्यांच्याविना लसीकरण असो की साथीची पाहणी, सरकारचे एक पाऊल पुढे पडत नाही. आपल्या नाहूर-भांडुपच्या वस्त्यांतून महापालिकेच्या आरोग्य स्वयंसेविका दारोदार फिरतात, त्यांचेही गोत्र हेच. परंतु एक अंतर दिसते, ते स्पष्ट सांगणे मी कर्तव्य समजतो. जामखेडची बाई गावाला जबाबदार होती. आजची आशा वरच्या कचेरीला जबाबदार आहे. तिच्या डोक्यावर नोंदवह्यांचे आणि तक्त्यांचे ओझे आहे, मोबदला कामागणिक तुटपुंजा मिळतो, आणि तोही वेळेवर हाती पडावा म्हणून तिला मोर्चे काढावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली आशांचा गौरव केला याचा आनंद मानावा तेवढा थोडाच. पण गौरवाबरोबर नियमित वेतनाची आणि सततच्या शिक्षणाची तरतूद झाली नाही, तर आपण जामखेडकडून बाईचे पद तेवढे उचलले आणि तिला उभे करणारी आठवड्याची ती बैठक, तिच्या पाठीशी असलेले मंडळ आणि अडचणीच्या वेळी हाकेला ओ देणारे इस्पितळ मागेच सोडले, असे म्हणावे लागेल. ज्या नागरिकांना खेड्यांसाठी काही करावयाचे आहे, त्यांनी वह्यांची गाडी भरण्यापूर्वी त्या गावच्या आशाताईला भेटून तिला काय कमी पडते हे विचारले, तर त्यांचा पैसा अधिक सत्कारणी लागेल.

मेबलताई 1999 साली आणि रजनीकांत 2011 साली निवर्तले. काम त्यांच्या मुलांनी आणि सहकाऱ्यांनी पुढे चालविले आहे. जामखेड येथेच उभ्या राहिलेल्या प्रशिक्षण संस्थेत देशोदेशींचे डॉक्टर, परिचारिका आणि विद्यार्थी खेड्यातील आरोग्याचे शिक्षण घेण्यासाठी येतात, आणि त्यांना शिकविणाऱ्यांत, अनेकदा दुभाष्याच्या मदतीने पण निःसंकोचपणे, त्याच खेड्यांतल्या त्या कार्यकर्त्या बाया असतात.